घोड्याचा ट्रेलर आणि तुमचा ट्रक: जोडी कशी जुळवायची

अमेरिकेत मुलीने दोन-चार वर्षं रायडिंगचे धडे घेतले की घरात स्वतःच्या घोड्याचा विषय निघतोच. घोडा आला की शो, क्लिनिक (म्हणजे पाहुण्या प्रशिक्षकाचे वर्ग), ट्रेल राइड, कधी लांबचं घोड्यांचं हॉस्पिटल अशा फेऱ्या सुरू होतात. दर वेळी बार्नमधल्या दुसऱ्या कुणाच्या ट्रेलरमध्ये जागा मागणं जिवावर येतं. मग कुणाचा तरी वापरलेला दोन घोड्यांचा ट्रेलर विकायला निघाल्याचं कळतं आणि पहिला प्रश्न पडतो: आपली गाडी हा ओढेल का?

ओढेल, बहुतेक वेळा ओढेल. आजकालची इंजिनं ओढायला क्वचितच कमी पडतात. कमी पडतात ते ब्रेक, मागच्या स्प्रिंगा, टायर आणि हिच (ट्रेलर जोडायचा मागचा सांधा), आणि ते कळतं उतारावर किंवा समोर कुणी अचानक ब्रेक मारला तर. म्हणून ब्रोशरमधल्या मोठ्या आकड्यापासून सुरुवात करू नका. सुरुवात घोड्यापासून करा, मग ट्रेलर, आणि ट्रक सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर चुकीची खरेदी होण्याची शक्यता फार कमी राहते.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात घोडे टेम्पोत नाहीतर ट्रकमध्ये चढवून आणतात, म्हणजे सगळं वजन एकाच गाडीच्या चाकांवर असतं. इथे घोडा मागच्या वेगळ्या गाड्यात उभा असतो आणि तो गाडा ट्रकला एका लोखंडी गोळ्यावर जोडलेला असतो. शिवाय आतला माल जिवंत आहे. तो उंच उभा असतो, वळणावर तोल सावरतो, ब्रेक लागला की पुढे झुकतो, कंटाळला की पाय आपटतो. बोटीचा किंवा विटांचा ट्रेलर ओढलेल्या माणसाचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो.

आधी घोड्याचं वजन

इथले सगळे स्टिकर आणि काटे पौंडांत असतात, त्यामुळे हिशेबही पौंडांतच ठेवा. किलो-पौंड करत बसलात की चूक होते. अंदाजासाठी १,००० पौंड म्हणजे साधारण ४५४ किलो.

क्वार्टर हॉर्स साधारण १,००० ते १,२०० पौंडांचा असतो, वॉर्मब्लड १,२०० ते १,४०० किंवा त्याहून जास्त, ड्राफ्ट जातीचा घोडा १,६०० च्या पुढे. पण "आमचा हजारेक पौंडांचा असेल" यावर विसंबू नका, मोजून घ्या. शिवणकामाची लांब टेप पुरते. पुढच्या पायांच्या कोपरांच्या लगेच मागून, मान पाठीला मिळते त्या उंचवट्याच्या मागून, छातीचा घेर इंचांत मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ३३०, हे झालं पौंडांतलं वजन. घेर ७६ इंच आणि लांबी ६६ इंच असेल तर ७६ × ७६ × ६६ भागिले ३३०, म्हणजे सुमारे १,१५५ पौंड. पूर्ण वाढ झालेल्या घोड्यासाठी हा अंदाज पुरेसा जवळचा येतो. शिंगराला हे सूत्र लावू नका.

आणखी एक विचार आत्ताच करा. दोन घोड्यांचा ट्रेलर घेतलात तर दुसरी जागा रिकामी राहणार नाही. बार्नमधली मैत्रीण विचारणार आणि तुम्ही हो म्हणणार. म्हणून गणित कायम भरलेल्या ट्रेलरचं करा. या लेखातल्या उदाहरणात एक १,१५० पौंडांचा क्वार्टर हॉर्स आणि एक १,३५० पौंडांचा वॉर्मब्लड धरतो. घोड्यांचे झाले २,५०० पौंड.

ट्रेलरचं खरं वजन

ट्रेलरच्या पुढच्या डाव्या बाजूला एक पाटी असते. तिच्यावर जीव्हीडब्ल्यूआर हा आकडा छापलेला असतो: ट्रेलर आणि आतलं सगळं मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते. दोन घोड्यांच्या नेहमीच्या बंपर-पुल (ट्रकच्या मागच्या टोकाला जोडायच्या) ट्रेलरवर तो बहुतेक वेळा ७,००० असतो, कारण खाली ३,५०० पौंडांचे दोन ॲक्सल असतात. नवखे लोक हाच आकडा रिकाम्या ट्रेलरचं वजन समजतात, किंवा उलट विकणाऱ्याने सांगितलेलं रिकामं वजन खरं मानतात. रिकामं वजन कागदपत्रांत सापडतं, पण ते कारखान्यातून निघतानाचं. त्यानंतर कुणी तबेल्यातले जाड रबरी मॅट घातले असतील (चार बाय सहा फुटांचा, पाऊण इंच जाडीचा एक मॅट शंभर पौंडांच्या आसपास भरतो), खोगिरांचे स्टँड बसवले असतील, दुसरं स्टेपनी लटकवलं असेल. वापरलेला ट्रेलर घेताना विकणाऱ्याला सरळ सांगा की जवळच्या काट्यावर रिकामा वजन करून दाखवा. ज्याचा ट्रेलर नीट आहे तो नाही म्हणणार नाही.

अल्युमिनियमचा ट्रेलर हलका, स्टीलचा जड, हे ढोबळमानाने खरं. पण ड्रेसिंग रूम, उंच छत आणि मागचा रॅम्प असलेला अल्युमिनियमचा ट्रेलर साध्या स्टीलच्या ट्रेलरपेक्षा जड निघू शकतो. वॉर्मब्लड उंच असल्याने त्याला साडेसात फूट उंचीचा ट्रेलर लागतो, तोही वजन वाढवतो. धातूच्या नावावरून अंदाज बांधू नका.

जुन्या ट्रेलरचं आणखी एक पाहायचंच. पाटीवरचे ७,००० पौंड हे धड तळ आणि धड सांगाडा गृहीत धरून लिहिलेले आहेत. सगळे मॅट उचला, अगदी कोपऱ्यांतले सुद्धा. लाकडी तळात स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. मऊ लागला तर फळ्या बदलल्याशिवाय घोडा चढवायचा नाही. अल्युमिनियमच्या तळाला लाकडासारखी कीड लागत नाही, पण घोड्याच्या मुतामुळे तो खड्डे पडून पातळ होतो. मग ट्रेलरखाली झोपून आडव्या पट्ट्या आणि वेल्डिंग बघा. विकणारा मॅट उचलायला नको म्हणत असेल तर तिथून निघा. धावत्या ट्रेलरचा तळ तुटून घोड्याचा पाय रस्त्यावर घासणं यापेक्षा भयंकर काही मी या विषयात ऐकलेलं नाही, आणि ते टाळायला दहा मिनिटं पुरतात.

आता बेरीज. समजा मॅट आणि स्टेपनीसह रिकामा ट्रेलर ३,४०० पौंड. घोडे २,५००. सामानात गवताचे दोन गठ्ठे १०० पौंड, खुराकाचं पोतं ५०, खोगिरं-लगाम वगैरे १२०, बाकी किरकोळ ६३, आणि पाणी. पाणी लोक विसरतात. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरतं, म्हणजे २० गॅलनचे १६७ पौंड झाले. सामान ५०० पौंड, एकूण ६,४०० पौंड. पाटीवरच्या ७,००० च्या आत आहे, तेव्हा ट्रेलर स्वतःपुरता पास झाला.

ट्रकच्या दारातला स्टिकर

आता ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर दोन स्टिकर असतात. एकावर ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या वेगवेगळ्या मर्यादा लिहिलेल्या असतात. दुसरा पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा, टायरच्या हवेची माहिती देणारा. त्यावर एक वाक्य असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या किंवा पौंडांच्या वर जाता कामा नये. हा आकडा म्हणजे पेलोड. तो कारखान्यातून निघताना त्या गाडीवर जे जे बसवलेलं होतं ते धरून काढलेला असतो, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत तीन-चारशे पौंडांचा फरक सहज पडतो. सनरूफ, मोठी चाकं, फोर-बाय-फोर, चामड्याच्या इलेक्ट्रिक सीट, असं एकेक वाढत गेलं की पेलोड तितका घटतो. डीलरच्या आवारातला सगळ्यात महागडा पिकअप अनेकदा सगळ्यात कमी सामान पेलतो. म्हणून ट्रक बघायला जाल तेव्हा आधी दार उघडून या स्टिकरचा फोटो काढा. किमतीचं बोलणं नंतर.

ब्रोशरमधला टोइंगचा आकडा खोटा नसतो. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या जे२८०७ नावाच्या मानकाने तो ठरतो; टोयोटाने तो २०११ च्या मॉडेलांपासून पाळायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या अमेरिकन कंपन्याही आल्या. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांब चढावर, कडक उन्हात, एसी चालू ठेवून ट्रकला भरलेला ट्रेलर ओढायला लावतात आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये अशी अट असते. चाचणी कडक आहे. पण तिच्यात ट्रकमध्ये फक्त दोन माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मागची सीट भरलेली नाही, बेडमध्ये (पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात) खोके नाहीत आणि ट्रेलरमधलं वजन जागचं हलत नाही.

टंग वेट: सगळा खेळ इथे आहे

ट्रेलरचं काही वजन त्याच्या चाकांवर असतं आणि काही पुढच्या दांड्यावरून ट्रकच्या गोळ्यावर उतरतं. गोळ्यावर उतरणारं ते टंग वेट. बंपर-पुल ट्रेलरसाठी ते भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असायला हवं. कमी झालं तर काय होतं हे बैलगाडी भरणाऱ्याला सांगावं लागत नाही: मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. ट्रेलरही तसाच ट्रकची मागची बाजू वर ओढतो, आणि ताशी ६० मैलांवर तो शेपटासारखा डावी-उजवीकडे झोलायला लागतो. एकदा झोल वाढला की तो आवरणं फार कठीण असतं.

टंग वेट जास्त झालं की वेगळी अडचण. ते सगळं ट्रकच्या पेलोडमधून वजा होतं. नवख्यांची फसगत नेमकी इथे होते, म्हणून उदाहरण पुरं करू.

समजा हाफ-टन वर्गातला (हे फक्त वर्गाचं नाव, खरं वजन नाही) चार दारांचा पिकअप आहे. ब्रोशरवर टोइंग ११,००० पौंड, दारातल्या स्टिकरवर पेलोड १,५४० पौंड. ट्रेलर ६,४०० चा, म्हणजे ब्रोशरच्या आकड्याच्या ५८ टक्केच. कुणीही म्हणेल की भरपूर शिल्लक आहे. आता ट्रकमध्ये बसा. आई, बाबा आणि मुलगी मिळून ४४० पौंड. कुत्रा ६०. बेडमधली सामानाची पेटी १५०. वजन विभागणारा हिच स्वतःच ९० पौंडांचा. झाले ७४०. टंग वेट साडेबारा टक्के धरलं तर ८००. बेरीज १,५४०: स्टिकरचा आकडा काठोकाठ भरला. पुढच्या जागेत जड घोडा उभा राहिला, ड्रेसिंग रूम भरली आणि टंग १५ टक्क्यांवर गेलं, तर ते ९६० होतं आणि तुम्ही १६० पौंडांनी वर गेलात. इंजिनाला काही कळणारही नाही. कळेल ते मागच्या टायरना आणि ॲक्सलला.

मार्ग काय? बेडमधली पेटी घरी ठेवा, पाणी मुक्कामाला पोचून भरा (पण उन्हाळ्यात लांब जायचं असेल तर घोड्यांपुरतं पाणी बरोबर हवंच), किंवा १,९०० च्या आसपास पेलोड असलेला कमी सजावटीचा ट्रक शोधा. अजून काही घेतलेलं नसेल तर मी शेवटचाच मार्ग सुचवेन. सामान कमी करण्याचा निश्चय दोन सहलींत विरतो. आणि कोणत्याही मर्यादेच्या ८० टक्क्यांपर्यंतच जायचं अशी घोडेवाल्यांत रीत आहे. तो कायदा नाही, पण हलणाऱ्या वजनासाठी एवढी सवड असायला हवी असं माझंही ठाम मत आहे.

दारातल्या एसयूव्हीचं काय

बऱ्याच मराठी घरांत होंडा पायलट, टोयोटा हायलँडर नाहीतर टेस्लाची मॉडेल वाय असते, म्हणून हे स्पष्ट लिहितो. ऑल-व्हील ड्राइव्ह पायलट आणि पेट्रोल इंजिनाची हायलँडर यांची मर्यादा ५,००० पौंड, मॉडेल वायची ३,५००. आपल्या उदाहरणातला ट्रेलर ६,४०० चा आहे. विषय संपला. "एकच घोडा नेऊ" म्हणून ३,४०० अधिक १,१५० अधिक ३०० असं ४,८५० पर्यंत गणित बसवता येतं, पण ते बसवू नका. हिचवरची टंगची मर्यादा, मागच्या सीटवरच्या मुलांचं वजन आणि आखूड व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) हे तिन्ही आड येतात. शिवाय सात फूट उंच आणि सहा फूट रुंद ट्रेलर म्हणजे वाऱ्याला सामोरा जाणारा ४२ चौरस फुटांचा पत्रा. काही गाड्यांच्या पुस्तिकेत त्यावरही मर्यादा घातलेली असते.

गूसनेक

तीन किंवा जास्त घोडे, किंवा राहण्याची सोय असलेला ट्रेलर असेल तर गूसनेक. याचा सांधा पिकअपच्या बेडमध्ये, मागच्या ॲक्सलच्या वर असतो, म्हणून तो बंपर-पुलपेक्षा स्थिर चालतो. पण टंगवर २० ते २५ टक्के वजन येतं. १०,००० पौंडांचा भरलेला ट्रेलर म्हणजे २,००० ते २,५०० पौंड सरळ बेडवर. हाफ-टनचा प्रश्नच मिटला. पाऊण-टन किंवा एक-टन पिकअप लागतो. तिथेही डिझेल इंजिन जड असतं, म्हणून पाऊण-टन डिझेलचा पेलोड वाटतो त्याहून कमी निघतो. स्टिकर वाचाच. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांवरच्या ट्रेलरला लायसन्सचे वेगळे नियम लागू होतात, तेही आधी बघून ठेवा.

हिच, गोळा, साखळ्या

साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकी. ट्रक ११,००० चा असला तरी मागच्या रिसीव्हरवर (हिच घुसवायच्या चौकोनी नळीवर) वेगळा स्टिकर असतो, आणि अनेक हाफ-टन पिकअपवर त्यात दोन ओळी असतात: साध्या जोडणीला ५,००० पौंड आणि टंग ५००, वजन विभागणारा हिच लावला तर त्याहून बरंच जास्त. म्हणजे आपल्या उदाहरणात तसा हिच लावणं ऐच्छिक नाही. हा हिच दोन लवचिक बारांनी काही वजन पुढच्या चाकांकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतो. तो पेलोड वाढवत नाही, फक्त वजन वाटतो.

गोळ्याच्या डोक्यावर त्याचा व्यास आणि मर्यादा कोरलेली असते. दोन घोड्यांच्या ट्रेलरला बहुतेक दोन आणि पाच-षोडशांश इंचाचा गोळा लागतो, काही हलक्या ट्रेलरना दोन इंचाचा. मोठ्या मापाचा कपलर (गोळ्यावर बसणारी ट्रेलरची वाटी) लहान गोळ्यावर बसतो, खटका लागल्यासारखाही दिसतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. म्हणून जोडल्यावर दर वेळी खटका लावून जॅकने ट्रेलरचं तोंड दोन-चार इंच वर उचला. ट्रकची मागची बाजू बरोबर वर आली तर जोडणी पक्की. सुरक्षेच्या साखळ्या कपलरच्या खालून फुलीसारख्या ओलांडून लावा.

ब्रेक

कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांच्या वर, टेक्सासमध्ये ४,५०० च्या वर, बऱ्याच राज्यांत ३,००० च्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कायद्याने लागतात. भरलेला दोन घोड्यांचा ट्रेलर या सगळ्यांच्या वर जातो, तेव्हा राज्य कोणतंही असो, ब्रेक हवेतच. ते इलेक्ट्रिक असतात, सात पिनांच्या सॉकेटमधून चालतात, आणि ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर लागतो. चार पिनांचा सॉकेट फक्त दिव्यांसाठी असतो. कंट्रोलर प्रपोर्शनल प्रकारचाच घ्या. तुम्ही जितका ब्रेक दाबाल त्या प्रमाणात तो ट्रेलरचा ब्रेक लावतो. पाय किती दाबलाय ते न बघता ठरलेल्या वेळात जोर वाढवणारा (टाइम-डिलेड) स्वस्त कंट्रोलर झटका देतो, आणि झटका बसला की आतला घोडा छातीच्या बारवर आपटतो. दोन-तीनदा असं झालं की तो पुढच्या वेळी चढायला नकार देतो.

रिकाम्या रस्त्यावर ताशी २०-२५ मैलांवर कंट्रोलरचा हातातला खटका दाबून बघा: ट्रेलरने ट्रकला ठळकपणे मागे खेचायला हवं, पण चाकं जाम होता कामा नयेत. रिकाम्या ट्रेलरवर जमवलेला आकडा घोडे चढल्यावर कमी पडतो, तेव्हा पुन्हा जमवा. आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी ब्रेकअवे दोरी: ती ट्रकच्या सांगाड्याला अडकवा, साखळीच्या आकड्याला नको. अधूनमधून पिन ओढून चाकं धरतात का बघा, कारण तिची छोटी बॅटरी कधी मेली ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

टायर

घोड्यांचे ट्रेलर महिनोन्‌महिने उभे असतात. म्हणून टायर झिजून नाही, वयाने जातात. बाजूवर चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी नवी दिसत असली तरी बदला. टायर एसटी, म्हणजे खास ट्रेलरसाठीच्या, प्रकारचे हवेत. ताकदीचा हिशेब सोपा आहे: गोळ्यावर ८४० पौंड गेले तर ६,४०० मधले ५,५६० चार टायरवर, प्रत्येकी १,३९०. या ट्रेलरवर नेहमी दिसणारा २०५/७५ आर १५, लोड रेंज सी, ५० पीएसआय हवेवर १,८२० पौंड पेलतो. हवा ३० वर असेल तर मात्र तो तेवढं पेलत नाही आणि तापून फुटतो. हवा दर फेरीआधी, टायर गार असताना बघा.

काट्यावर चला

इथपर्यंतचं सगळं कागदावर होतं. आता हायवेवरच्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल शोधा. ऊस कारखान्याचा वजनकाटा पाहिला असेल तर नवं काही नाही, फक्त इथे प्लेटा तीन असतात. ट्रकची पुढची चाकं पहिल्या प्लेटवर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची सगळी चाकं तिसऱ्यावर येतील असे उभे राहा. खांबावरचं बटण दाबा, पहिलं वजन आहे आणि गाडी खाजगी आहे एवढं सांगा, मग आत जाऊन पैसे देऊन चिठ्ठी घ्या. फोनवरच्या ॲपवरूनही होतं. मोठ्या ट्रकांची रांग असेल तर त्यांना पुढे जाऊ द्या. त्यांचा तो धंदा आहे.

आपल्या उदाहरणातली चिठ्ठी, हिचचे बार न ताणता, अशी असू शकते: पुढचा ॲक्सल ३,०८०, मागचा ३,९६०, ट्रेलर ५,५६०, एकूण १२,६००. आता फक्त ट्रकचं वजन लागेल, तीच माणसं, तेच सामान, तितकंच पेट्रोल घेऊन. घोडे आत असताना ट्रेलर कधीही सोडायचा नाही, अगदी पाच मिनिटांसाठीही नाही. म्हणून ट्रक एकटा आधी किंवा दुसऱ्या दिवशी नेऊन करा. समजा तो पुढे ३,४२० आणि मागे २,७८०, एकूण ६,२०० भरला.

वाचायचं असं. १२,६०० वजा ६,२०० म्हणजे ट्रेलर ६,४००. आपली बेरीज बरोबर होती. ट्रेलर जोडल्यावर ट्रकच्या चारही चाकांवर ७,०४०, त्यातून ६,२०० वजा केले की टंग ८४०, म्हणजे १३ टक्के, हे उत्तम. पण ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर ७,००० असेल तर तुम्ही ४० पौंडांनी वर आहात. आणि पुढच्या चाकांवरचे ३४० पौंड उडालेत. एवढं पुढचं तोंड हलकं झालं की स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही ढिले पडतात. बार ताणा आणि पुन्हा वजन करा. चोवीस तासांच्या आतलं दुसरं वजन बरंच स्वस्त पडतं. पुढचं वजन बरंचसं परत आलं पाहिजे. मागच्या ॲक्सलचा आकडा दारातल्या स्टिकरशी ताडून बघा.

पहिल्या फेऱ्या

पहिल्यांदा रिकामा ट्रेलर घेऊन जा: उजवी वळणं, पेट्रोल पंप, मागे घेणं. ट्रेलर जमिनीला समांतर दिसला पाहिजे. नाक वर असेल तर गोळ्याची उंची बदला. एकच घोडा न्यायचा असेल तर तो डाव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला उभा करा. दोन असतील तर जड तिकडे. रस्ता कडेला उतरता असतो म्हणून ही रीत.

डोंगरात जाणार असाल तर हिशेब पुन्हा करा. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांमागे मर्यादा २ टक्क्यांनी कमी धरा असं अनेक ट्रकांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, म्हणजे तिथे जवळपास २२ टक्के गेले. उतरताना ट्रकचा टो-हॉल (ओझं ओढण्याचा) मोड लावून खालच्या गिअरमध्ये इंजिनाला अडवू द्या, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

ट्रेलर बंद पडला तर नेहमीच्या रोडसाइड क्लबांचे लोक आत घोडे असताना बरेचदा हात लावत नाहीत. यूएसरायडरसारखी घोडेवाल्यांसाठीची सेवा पहिल्या लांब फेरीआधीच घेऊन ठेवा. गाडीत टायर बदलायचा तिरपा ठोकळा ठेवा. त्यावर चांगलं चाक चढवलं की घोडे न उतरवता शेजारचं चाक बदलता येतं. स्टेपनीत हवा आहे का आणि तुमचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, हे घरच्या अंगणात बघून घ्या.